उच्च शिक्षण हाच अभ्यासाचा विषय : बडोद्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी परवा बीएचा निकाल सांगायला आली. हातावर पेढा ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "काकू, मला शिक्षण या विषयात पुढे शिकायचंय, पण शाळेत शिकवायचं नाही. असं काही असतं का?"

असतं, आणि आपल्या गावात राहून त्याची सुरुवातही करता येते. तिला त्या दिवशी जे तासभर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी अकरा वर्षं एका महाविद्यालयाच्या कार्यालयात होते, प्रवेश आणि फीच्या खिडकीवर. एमए त्यानंतर केलं, पीएचडी त्याहून उशिरा. वाट कुठे सरळ आहे आणि कुठे पाय अडकतो, ते मला चालून माहीत आहे.

आधी विषय ओळखा

शिक्षणशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फळा, बालमानसशास्त्र आणि बीएडचे पाठ येतात. उच्च शिक्षणाचा अभ्यास त्याच घरातला, पण त्याची खोली वेगळी. बारावीनंतरचं सगळं जग त्यात येतं. महाविद्यालयाला पैसा कुठून येतो, प्रवेश कोणाला मिळतो, कोण दुसऱ्या सत्रानंतर दिसेनासं होतं, प्राध्यापक कसे नेमले जातात, विद्यापीठाच्या कारभारात सरकारचा हात किती असावा, पदवीचा आणि नोकरीचा संबंध कसा जुळतो किंवा तुटतो, हे सगळे या विषयाचे प्रश्न.

अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात जी. स्टॅन्ली हॉल यांनी १८९३ साली या विषयाचा पहिला अभ्यासक्रम शिकवला असं मानतात. त्याच वर्षी इकडे सयाजीराव महाराजांनी अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता. एकीकडे विद्यापीठाकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला सुरुवात झाली, दुसरीकडे एक राजा प्रत्येक मुलाला शाळेत आणायला निघाला. शाळेत आलेलं ते मूल पुढे महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचतं का, हा या दोन टोकांना जोडणारा प्रश्न आहे आणि तो अजून संपलेला नाही.

एक संकल्पना पहिल्याच आठवड्यात समजून घ्या, कारण पुढे ती पावलोपावली भेटते. मार्टिन ट्रो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली उच्च शिक्षणाच्या वाढीचे तीन टप्पे सांगितले. महाविद्यालयीन वयाच्या मुलांपैकी १५ टक्क्यांपर्यंत मुलं शिकतात तेव्हा उच्च शिक्षण मूठभरांचं असतं. १५ ते ५० टक्क्यांत ते बहुजनांचं होतं, आणि ५० टक्क्यांपुढे सार्वत्रिक. महत्त्वाचं पुढेच आहे. टप्पा बदलला की शिकण्याचा अर्थही बदलतो. पहिल्या टप्प्यात ती जन्माने किंवा हुशारीने मिळालेली मानाची जागा असते, दुसऱ्यात लोक तो आपला हक्क मानू लागतात, तिसऱ्यात न शिकणं परवडेनासं होतं. आपल्या देशात १८ ते २३ वयोगटाचं हे प्रमाण २०२१-२२च्या सरकारी सर्वेक्षणात २८.४ टक्के होतं, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५पर्यंत ते ५०वर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

हे आकडे पुस्तकात वाचले तेव्हा मला खिडकीवरचा एक माणूस आठवला. जूनचा महिना, बाहेर रांग. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलीची गुणपत्रिका आणि घडी घालून ठेवलेल्या पाचशेच्या नोटा. आधी गुजरातीत विचारलं, "बहेन, फी बे हप्तामां चाले?" मग माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून मराठीत म्हणाला, "ताई, आपल्या आहात म्हणून विचारतो. हिच्या आधी आमच्यात कोणी कॉलेजात गेलं नाही. काय काय लागतं, तेच कळत नाही." ट्रोचा दुसरा टप्पा तो हाच. हक्क आला आहे, पण हक्क वापरायची रीत घरात कोणाला ठाऊक नाही.

मग एक पान लिहा

माहितीपत्रकं गोळा करण्याआधी हे करा. एका पानावर तुमचा प्रश्न लिहा, मराठीत, साध्या शब्दांत. तुम्ही जवळून काय पाहिलं, त्यातलं काय खटकलं, आणि त्याचं उत्तर कोणाकडे असेल, एवढंच. बहुतेक लोक उलट करतात. आधी प्रवेश घेतात आणि विषय नंतर शोधतात. मग दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करत बसतात.

प्रश्न किती मोठा असावा हे मला फार उशिरा कळलं. माझा पीएचडीचा पहिला आराखडा "गुजरातमधील उच्च शिक्षणापुढील आव्हाने" असा होता. तो परत आला आणि ते योग्यच झालं. असल्या मथळ्याखाली काहीही बसतं, म्हणून काहीच सिद्ध होत नाही. नंतर मी एवढंच विचारलं, की हप्त्याने फी भरायची सोय आहे हे कोणत्या विद्यार्थ्यांना कळतं आणि कोणाकडून कळतं. चार महाविद्यालयं, एक प्रवेशाचा हंगाम, ठरावीक मुलाखती. त्या लहान प्रश्नाने मला चार वर्षं पुरून उरेल इतकं काम दिलं.

आपल्या प्रश्नाची परीक्षा अशी घ्या. तो ऐकून समोरचा "हो, खरंच की" एवढं म्हणून गप्प बसला, तर प्रश्न अजून सैल आहे. त्याने "कोणत्या कॉलेजात? कोणत्या साली? मुली की मुलगे?" असं विचारायला सुरुवात केली, तर समजा पकड बसली.

कोणत्या दारातून आत जायचं

इथे घाई करू नका, कारण चुकीचं दार नंतर महागात पडतं.

बीएड झालं असेल तर एमएड हा सरळ मार्ग. तो दोन वर्षांचा असतो आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षण आणि मानसशास्त्र विद्याशाखेत करता येतो. एमएडचा मुख्य भर शिक्षक-प्रशिक्षणावर असतो, पण लघुप्रबंधाचा विषय उच्च शिक्षणातला घेता येतो.

बीएड नसेल आणि करायचंही नसेल, तर शिक्षणशास्त्रातलं एमए बघा. नोकरी करणाऱ्यांना मी इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं एमए सुचवते. कोणत्याही शाखेची पदवी चालते, किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतं, आणि विशेष अभ्यासाच्या गटांत 'उच्च शिक्षण' हा स्वतंत्र गट आहे. इग्नूचीच उच्च शिक्षणातली पदव्युत्तर पदविकाही आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना ती उपयोगी पडते. दूरशिक्षण म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, स्वाध्यायांकडे द्या. स्वाध्याय वेळेवर न दिल्यामुळे गळणारे विद्यार्थी मी कितीतरी पाहिले, परीक्षा जड गेली म्हणून गळणारे त्या मानाने कमी.

तिसरा गट इतर विषयांत एमए झालेल्यांचा, म्हणजे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास. तुम्ही कदाचित नवं एमए न करताही उच्च शिक्षणावर संशोधन करू शकाल, तुमच्याच विषयाच्या विभागात. अर्थशास्त्राची मुलगी शुल्क आणि अनुदानावर काम करू शकते, इतिहासाचा मुलगा बडोदा कॉलेजवर.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बीएड महाविद्यालयात प्राध्यापक व्हायची इच्छा असेल तर बीएड टाळता येत नाही, तिथली पात्रता ते मागतेच. हे एमए संपल्यावर कळलं तर दोन वर्षं मागे जावं लागतं. म्हणून नोकरी कुठली हवी आहे, हे आजच स्वतःला विचारा.

कागद

गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश आता जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात. नोंदणी एकदाच, पण प्रत्येक विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाची निवड वेगळी भरावी लागते. नोंदणी झाली म्हणजे अर्ज झाला, असं समजून घरी बसलेली मुलं नंतर रडवेली होताना मी पाहिली आहेत.

नावाचं स्पेलिंग दहावीपासून पदवीपर्यंत एकच आहे ना, ते पाहा. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव', आणि लग्न झालेल्यांचं तर सगळंच बदललेलं. आधार आणि पदवीचं प्रमाणपत्र जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करायला टाका.

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. माझा अर्ज एका विद्यापीठाच्या टेबलावर सात आठवडे पडून होता आणि तोवर माझा प्रवेश तात्पुरताच राहिला. मी पोच घेतली नव्हती, त्यामुळे विचारायला गेले की माझ्याकडे दाखवायला काही नसायचं. कुठलाही कागद दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

आणि जातीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रातून अलीकडे आलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्ष देऊन वाचावं. एका राज्याच्या यादीवर मिळालेलं आरक्षण दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, त्यामुळे महाराष्ट्राचं प्रमाणपत्र गुजरातच्या राज्य आरक्षणासाठी चालेल असं गृहीत धरू नका. केंद्रीय संस्था आणि नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या यादीप्रमाणे, केंद्राच्या नमुन्यातलं, ताजं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन गेलेला मुलगा परत पाठवला जातो आणि तोवर तारीख निघून गेलेली असते.

नेट

नेट वर्षातून दोनदा होते. साधारणपणे जून आणि डिसेंबर अशी तिची सत्रं धरली जातात. पहिला पेपर सगळ्यांना समान, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

नवख्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही, की पहिल्या पेपरचा दहावा घटक 'उच्च शिक्षण व्यवस्था' हाच आहे. प्राचीन विद्यापीठांपासून स्वातंत्र्योत्तर धोरणं आणि प्रशासनापर्यंत. रसायनशास्त्राच्या मुलालाही तो घोकावा लागतो. तुम्हाला तो घोकावा लागणार नाही, कारण तुमचा रोजचा अभ्यासच तो आहे.

२०२४पासून नेटच्या निकालाचे तीन थर झाले आहेत. सर्वांत वर संशोधन शिष्यवृत्तीसह पात्र, मग सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि मग नुसता पीएचडी प्रवेश. पीएचडीसाठी नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरतात, आणि शिष्यवृत्ती न मिळालेल्यांचे गुण एकच वर्ष चालतात. म्हणून परीक्षा देण्याआधी आराखडा तयार हवा. निकालानंतर आराखडा लिहायला बसलात तर ते वर्ष हातातून जातं.

बडोद्यात राहण्याचा फायदा

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. दिल्लीला जाऊनच हा विषय शिकता येतो असं समजणाऱ्यांना मी आधी आपलं शहर दाखवते.

बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झालं. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली ती ३० एप्रिल १९४९ रोजी. आणि १ मे १९४९ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. एका दिवसाचं अंतर! संस्थान संपताना मागे विद्यापीठ ठेवून गेलं. त्या शेवटच्या महिन्यांत कोणी काय पत्रव्यवहार केला, पैशाची तजवीज कशी झाली, नव्या राज्याने हे विद्यापीठ कसं स्वीकारलं, यावर एक चांगला प्रबंध सहज होईल. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या देशातल्या पहिल्या स्त्री. आजूबाजूची विद्यापीठं गुजरातीकडे वळत गेली, इथलं माध्यम इंग्रजीच राहिलं. त्याने कोणाचं भलं झालं आणि कोण दारातच थबकलं, हा प्रश्न आपल्या मराठी आणि गुजराती माध्यमाच्या मुलांना विचारून बघा.

याच विद्यापीठाच्या शिक्षण विद्याशाखेतलं शिक्षणाचं प्रगत अध्ययन केंद्र, ज्याला सगळे 'केस' म्हणतात, ते विद्यापीठ अनुदान आयोगाने साठच्या दशकात मान्यता दिलेलं. भारतात शिक्षणावर झालेल्या संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण १९७४ साली याच केंद्राने प्रसिद्ध केलं. तुमच्या विषयावर आधी कोणी काय केलंय, ते शोधायची सुरुवात तिथून करा. मग शोधगंगेवर या. देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे घरबसल्या, फुकट वाचता येतात. ती चालवणारी इन्फ्लिबनेट संस्थाही गांधीनगरची, म्हणजे आपल्या शेजारची.

हंसा मेहता ग्रंथालयात अहवालांचं कपाट शोधा. विद्यापीठ शिक्षणावरचा १९४८-४९चा राधाकृष्णन आयोग आणि सगळ्या शिक्षणावरचा १९६४-६६चा कोठारी आयोग, यांचे दोन अहवाल मुळातून वाचा, गाइडमधून नको. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूर भागातले आपले माणूस, १९४८ साली भारतीय शिक्षण संस्था काढणारे. अहवालाची पानं उलटताना जाणवतं, की खेड्यातली शाळा डोळ्यांनी पाहिलेला माणूस लिहितो आहे.

आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. १९१०नंतर सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिचं हे हृदय. पुस्तकांच्या दालनांत मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाऊल टाकताना मी कपाटाला धरून उभी राहिले होते. खाली पाहिलं तर दुसरी कपाटं आणि पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचं डोकं.

मराठी येणं हे इथे हत्यार आहे. गायकवाडी दफ्तरातला पुष्कळ कारभार मराठीत आणि मोडीत आहे. इतर संशोधकांना दुभाषा लागेल, तुम्हाला मोडीचा तीन-चार महिन्यांचा सराव. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. शिष्यवृत्ती देताना राज्य काय मागतं, तो करार कसा पाळला जातो किंवा मोडतो, आणि जात त्यात कुठे आडवी येते, हा आजही जिवंत विषय आहे. त्याची मुळं आपल्या शहरात आहेत.

आकडे कुठून येतात, ते आधी बघा

या विषयात अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे सगळेच वापरतात. ते २०१०-११पासून सुरू आहे. २०२१-२२मध्ये विद्यार्थीसंख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. पण हे आकडे दिल्लीत जन्मत नाहीत. प्रत्येक महाविद्यालय 'डीसीएफ-२' नावाचा फॉर्म भरतं आणि तो भरायला माझ्यासारखीच कोणी बसलेली असते. मी तो सहा वर्षं भरला. हजेरीपटावर नाव आहे पण दिवाळीनंतर आलाच नाही, असा मुलगा कुठे दाखवायचा, हे मला दर वर्षी पडणारं कोडं होतं. तेव्हा ३० सप्टेंबर ही मोजणीची तारीख होती, त्यामुळे मी त्याला मोजत असे. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण गळती मोजणाऱ्या संशोधकाने हे जाणून घ्यायला हवं, की दिवाळीनंतर गळलेली मुलं त्या वर्षीच्या आकड्यात जिवंत असतात.

म्हणून सल्ला असा, की कुठलाही तक्ता वापरण्याआधी तो भरणाऱ्या माणसाला भेटा. कार्यालयातल्या लोकांना कोणी विचारत नाही. तुम्ही चहा घेऊन शेजारी बसलात तर ते दोन तास बोलतील.

पीएचडी

२०२२च्या नियमांनंतर एमफिल बंद झालं आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, राखीव गटांना पाच टक्क्यांची सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांना थेट अर्ज करता येतो. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क. स्त्रियांना कालावधीत आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते आणि बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही रजा मागायला लाजू नका, ती नियमात लिहिलेली आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीही करता येते, फक्त संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा मोकळी जागा बघा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्या मागे वर्ष घालवू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना भेटा आणि एकच विचारा, "प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचं?" या उत्तरावर तुमची पुढची चार वर्षं ठरतात.

भाषेची भीती पुष्कळांना असते. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागेल, हे खरं. पण मुलाखती माणसाच्या भाषेत घ्या. बाई मराठीत बोलली तर तिचं वाक्य आधी मराठीत, जसंच्या तसं उतरवून ठेवा, भाषांतर नंतर. "पोरीला पुढे घालायची ऐपत नव्हती" याचं थेट इंग्रजी केलंत की पैशाचा अर्थ उरतो आणि त्यातली बापाची लाज निघून जाते. मूळ वाक्य परिशिष्टात ठेवा. मुलाखतीआधी संमती घ्या आणि नावं बदला.

पैसा आणि पोट

कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० आहे. ती न मिळाल्यास गुजरात सरकारची 'शोध' नावाची योजना आहे. पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांना दोन वर्षं महिना १५,००० आणि खर्चासाठी वर्षाला २०,००० रुपये.

नोकऱ्यांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. उच्च शिक्षणाचा प्राध्यापक अशी जाहिरात आपल्याकडे क्वचितच निघते. कामं मिळतात ती शिक्षणशास्त्र विभागांत, विद्यापीठांच्या प्रशासनात, आणि नॅक या महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेमुळे प्रत्येक महाविद्यालयात आलेल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षांत. त्या कक्षात आज बहुधा वेळ नसलेला एखादा प्राध्यापक फायली लावत बसलेला असतो. आकडे वाचता येणारा आणि अहवाल लिहिता येणारा माणूस तिथे हवाच आहे. धोरणात रस असेल तर दिल्लीची निपा, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था. १९६२मध्ये सुरू झालेल्या युनेस्कोच्या आशियाई केंद्रातून वाढलेली ही संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे, आणि २०१४पासून तिथे उच्च शिक्षण धोरणाच्या संशोधनासाठी वेगळं केंद्र आहे.

परदेशाबद्दल थोडंच सांगते. अमेरिकेत हा विषय स्वतंत्र विभाग घेऊन उभा आहे. तिथली पदव्युत्तर पदवी बरेचदा विद्यार्थी-सेवा, वसतिगृह, प्रवेश कार्यालय अशा कामांसाठी तयार करते, म्हणून नुसतं नाव बघून अर्ज करू नका, विषयांची यादी वाचा. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस योजनेत अनेक विद्यापीठांच्या संयुक्त पदव्या शिष्यवृत्तीवर करता येतात; त्यात उच्च शिक्षणाची पदवी त्या वर्षी आहे का, ते आधी पाहा. अर्जात हेतू सांगणारा निबंध लागतो आणि त्यात तुमचं ते पहिलं पानच उपयोगी पडतं.

तिचं पान

शेजारची ती मुलगी आठवड्याने पान घेऊन आली. वर लिहिलं होतं, "बडोद्यातील मराठी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्या". मी तिला विचारलं, "तुझ्या घरात तुझ्याआधी पदवीधर कोण?" कोणी नाही. "मग बीएला विषय कोणते घ्यायचे, हे तुला कोणी सांगितलं?" ती थांबली. म्हणाली, "झेरॉक्सवाल्या काकांनी. फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचा तेच भरतात."

मी तिच्याकडून मथळा खोडून घेतला आणि खाली तिच्याच हाताने लिहून घेतलं, "घरातली पहिली पदवीधर होणारी मुलगी प्रवेशाचा फॉर्म कोणाच्या सल्ल्याने भरते?" रविवारी ती वही घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाणार आहे. त्या दिवशी गर्दी कमी असते.